परदेशी शिक्षणाचा एजंट नेमका कुणाचा माणूस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षं मी छत्रपती संभाजीनगरातल्या एका परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत काउन्सेलर होते. नोकरी सोडून लातूरला परत आल्यावर ओळखीतून आणि ओळखीच्या ओळखीतून पालक घरी यायला लागले. कुणी औशाचे, कुणी उदगीरचे, कुणी देगलूरहून सकाळच्या एसटीने निघालेले. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. माझा आता कुठल्याही कॉलेजशी किंवा एजंटशी संबंध नाही आणि या सल्ल्याचे मी पैसे घेत नाही. हे आधीच सांगायला हवं. का, ते पुढे कळेलच.

एजंट आमच्याकडून एक रुपयाही घेत नाही. मग त्याचं भागतं कशावर?

तुमच्याच फीवर. परदेशातलं कॉलेज आणि एजंट यांच्यात करार असतो. मुलगा तिथे पोचला, फी भरली, नाव काढून घ्यायची मुदत उलटली, की एजंट कॉलेजला बिल पाठवतो. पहिल्या वर्षाच्या फीच्या १० ते २० टक्के हा सर्रास चालणारा दर. हिशेब करून बघा. इंग्लंडातल्या एखाद्या एमएस्सीची फी १८,००० पाउंड असेल आणि कमिशन १५ टक्के असेल, तर एका मुलामागे २,७०० पाउंड. पाउंड ११० रुपयांचा धरला तरी जवळपास तीन लाख रुपये.

लहान शहरातल्या ऑफिसांचा बऱ्याचदा कॉलेजशी थेट करारच नसतो. ते सब-एजंट असतात. फाइल मुंबई-दिल्लीच्या मोठ्या एजंटच्या नावाने जाते आणि कमिशन वाटलं जातं. म्हणजे तुमच्याशी बोलणारा माणूस कोण, हे कॉलेजला ठाऊकही नसतं.

मग 'मोफत मार्गदर्शन' ही पाटी खोटी म्हणायची का?

खोटी नाही, अर्धी आहे. आमच्या ऑफिसात एक एक्सेल शीट होती. कॉलेज, देश, इनटेक, फी आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी. जास्त टक्क्यांच्या ओळी हिरव्या, कमी टक्क्यांच्या पिवळ्या. जी विद्यापीठं एजंटला काहीच देत नाहीत, त्यांची नावं शीटमध्ये नव्हतीच. सोमवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं जायचं, हिरवं आधी दाखवा. महिन्याचं टार्गेट भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर असायचं, प्रत्येकाच्या नावापुढे.

एकदा अहमदपूरकडचे एक वडील मुलीला घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, आठ-अ आणि मुलीचे मार्कमेमो. माझ्यासमोर सगळे कागद ओळीने मांडले आणि म्हणाले, "मॅडम, आम्हाला यातलं काय कळतंय? तुमची धाकटी बहीण समजा अन् सांगा." मी हिरव्या ओळीतलं कॉलेज सांगितलं. कॉलेज वाईट नव्हतं. पण तिचे मार्क बघता त्याच देशात कमी फीचं आणि जास्त नावाजलेलं विद्यापीठ तिला मिळू शकलं असतं. ते शीटमध्ये नव्हतं, म्हणून माझ्या तोंडी आलं नाही. मुलगी शिकली, नोकरीला लागली, कर्ज अजून फेडते आहे. तिची माझ्याबद्दल काही तक्रार नाही, उलट दिवाळीला मेसेज येतो. मी त्या दिवशी एकही वाक्य खोटं बोलले नव्हते. पण त्या माणसाने बहीण समजून सांगा म्हणून विचारलं होतं आणि मी दुकानदार होऊन उत्तर दिलं, तेही दुकान न दाखवता.

माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. ज्याने तुमच्यावर विसंबून सातबारा पुढे ठेवला, त्याच्यापासून ते लपवणं हा गुन्हा आहे, कायद्यात बसो वा न बसो.

पण कायदा काय म्हणतो? असं माणशी पैसे देऊन विद्यार्थी गोळा करणं चालतं का?

अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे १९९२ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या कॉलेजांनी प्रवेशाच्या संख्येवर कमिशन द्यायचं नाही, असं ठरलं. कारण साधं होतं: माणशी पैसे मिळाले की भरती करणारा मुलाचं हित बघत नाही. मात्र परदेशात राहणाऱ्या, सरकारी मदतीला पात्र नसलेल्या विद्यार्थ्यांना या नियमातून वगळलं. म्हणजे जे अमेरिकेतल्या मुलासाठी धोक्याचं मानलं, ते नांदेडच्या मुलासाठी चालवून घेतलं. तिथल्या प्रवेश समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेत यावर बरीच वर्षं वाद चालला आणि २०१३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपुरती कमिशनला अटींसह मोकळीक मिळाली. २०१२ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड यांनी लंडनमध्ये एजंटांसाठी नैतिक तत्त्वं जाहीर केली. चांगली आहेत, पण ती तत्त्वंच आहेत, कायदा नाही.

आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, पण तो परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटांसाठी. विद्यार्थी पाठवणारा त्यात येत नाही. पंजाबने २०१२ साली स्वतःचा कायदा करून अशा कन्सल्टन्सींना जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना सक्तीचा केला. 

एजंटने जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचं नावच काढलं नाही. असं का?

कारण तिथे त्याला काही मिळत नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. फीच नाही तर टक्केवारी कशाची काढणार? म्हणून जर्मनी म्हटलं की तुमच्यासमोर खासगी विद्यापीठांची माहितीपत्रकं येतात.

सरकारी विद्यापीठात जायचं तर एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे मार्कशीट-पदवी खरी असल्याचा दाखला, लागतं (भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं), वर्षाच्या राहणीखर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागतात आणि अभ्यासक्रम नीट जुळावा लागतो. खटपट आहे, पण हुशार मुलगा किंवा मुलगी स्वतः करू शकते. एखादा एजंट ठरलेली फी घेऊन यात मदत करत असेल, तर माझ्या मते तो मोफतवाल्यापेक्षा प्रामाणिक. तो तुमच्याकडून पैसे घेतो, म्हणून तो तुमचा माणूस.

नीटमध्ये कमी मार्क पडले. परदेशात एमबीबीएस करून देतो म्हणतात. काय करावं?

लातूर-नांदेडात हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त येतो. जूनमध्ये निकाल लागला की क्लासच्या गल्ल्यांत पत्रकं वाटली जातात. दोन वर्षं रिपीट केलेलं लेकरू, खोलीभाडं आणि मेस भरून थकलेलं घर. त्या आठवड्यात फोन येतो: जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, रशिया, हॉस्टेल-मेससकट पॅकेज. एजंटांना हा आठवडा बरोबर माहीत असतो. दुःखातल्या माणसाला त्याच दिवशी सही करायला लावणं हे मला सगळ्यात लागतं.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. 'एनएमसी मान्यताप्राप्त कॉलेज' असं पत्रकावर छापलेलं असतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग परदेशी कॉलेजांना मान्यता देत नाही आणि त्यांची मंजूर यादीही काढत नाही. आयोगाचे आहेत ते नियम, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेले, आणि ते विद्यार्थ्याला लागू होतात. शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजीतून आणि पूर्ण एकाच संस्थेत व्हायला हवं. त्याच संस्थेत वर १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करायची मुभा असायला हवी. जाण्याआधी नीट पात्र असणं सक्तीचं आहेच. यातलं एक जरी हुकलं तरी परत येऊन इथे नोंदणी होत नाही, आणि तोवर सहा वर्षं गेलेली असतात.

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे नोंदणीसाठी द्यावी लागणारी परीक्षा. ३०० पैकी १५० गुण हवेत. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही वेळा साधारण पाचात एकच विद्यार्थी पास झाला. मी हे सांगते तेव्हा पालकांचे चेहरे उतरतात. एजंटने हा आकडा सांगितलेला नसतो, कारण त्याचे पैसे मूल विमानात बसलं की मिळतात. ते डॉक्टर होण्याशी त्याच्या कमाईचा काही संबंध नाही.

परदेशात एमबीबीएस करूच नका, असं मी म्हणत नाही. तिकडून शिकून आलेले चांगले डॉक्टर मला माहीत आहेत. पण कॉलेजचा अभ्यासक्रम किती महिन्यांचा, शिकवायची भाषा कोणती आणि इंटर्नशिप कुठे, ही तीन उत्तरं कॉलेजच्या स्वतःच्या ईमेलवरून लेखी घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवर आलेली नकोत. आणि निकालानंतर निदान पंधरा दिवस कुणाला ॲडव्हान्स देऊ नका.

'बँकेत पैसे आम्ही दाखवून देतो' म्हणतात. यात धोका काय?

धोका आहे आणि तो पूर्णपणे मुलाच्या अंगावर आहे. महिनाभर कुणाचे तरी पैसे खात्यात फिरवून स्टेटमेंट काढलं जातं, त्याचं व्याज तुमच्याकडून घेतलं जातं. व्हिसाच्या अर्जावर सही मुलाची असते. उद्या सापडलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका त्याच्या पासपोर्टला चिकटतो, एजंटच्या नाही.

दुसरं नुकसान सावकाश होतं. दूतावास पैसे दाखवायला सांगतो, कारण तेवढे खर्चायला लागणारच असतात. कॅनडाने वर्षाच्या राहणीखर्चासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली आणि नंतर आणखी वाढवली. पैसे नुसते दाखवलेलं घर ती रक्कम पाठवू शकत नाही. मग मूल पहिल्या महिन्यापासून गोदामात रात्रपाळी करतं, परवानगीपेक्षा जास्त तास, आणि वर्गात झोपतं.

जमीन विकू का?

मी कुणालाही हो म्हटलेलं नाही. आधी बँकेचं दार ठोठवा. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो आणि त्यावर तारण लागतं. अडचण तिथेच येते, कारण बहुतेक बँका शेतजमीन शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. गावठाणातलं घर कागदोपत्री पक्कं नसतं. आणि मग माणूस सावकाराकडे वळतो. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सोयाबीनच्या पैशांतून ते फिटत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

शिष्यवृत्त्यांची चौकशी त्याआधी करा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठीही योजना आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. यातल्या राज्याच्या योजना जागतिक क्रमवारीत वर असलेल्या विद्यापीठांसाठी असतात. नेमकी त्यातली बरीच विद्यापीठं एजंटच्या शीटवर नसतात, म्हणून त्याच्याकडून या योजनांचं नाव सहसा निघत नाही. निघालं तर त्या एजंटचा नंबर जपून ठेवा.

ऑफर लेटर खरं आहे की खोटं, हे कसं कळणार?

कॉलेजच्या वेबसाइटवरून प्रवेश कार्यालयाचा ईमेल पत्ता स्वतः शोधा आणि विद्यार्थी क्रमांक देऊन विचारा. एजंटने दिलेला पत्ता वापरू नका. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर, बहुतेक पंजाबातल्या, परत पाठवलं जाण्याची वेळ आली. काही वर्षांपूर्वी ज्या प्रवेशपत्रांवर व्हिसा मिळाला होता ती बनावट निघाली. तिथे पोचल्यावर त्यांना सांगण्यात आलं होतं की जागा भरल्या, दुसरं कॉलेज घ्या. अनेकांनी दुसरीकडे शिक्षण पुरं केलं, नोकऱ्या धरल्या, आणि कायम रहिवासाचा अर्ज करताना कागद उघडे पडले. ओरड झाल्यावर सरकारने कारवाई थांबवून एकेक प्रकरण तपासायला घेतलं. १ डिसेंबर २०२३ पासून कॅनडा प्रत्येक पत्राची कॉलेजकडून खातरजमा करतो.

कॅनडाच्या अर्जात 'नियुक्त संस्था' क्रमांक, ब्रिटनसाठी परवानाधारक प्रायोजकांची सरकारी यादी, अमेरिकेसाठी आय-ट्वेंटी (विद्यार्थी व्हिसाला लागणारा कॉलेजचा फॉर्म) देऊ शकणाऱ्या संस्थांची यादी, हे सगळं सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येतं. ऑस्ट्रेलियात तर कायद्यानेच कॉलेजला आपल्या एजंटांची यादी वेबसाइटवर टाकावी लागते. तुमच्या एजंटचं नाव त्यात नसेल तर तो सब-एजंट आहे किंवा कुणीच नाही.

दोष फक्त एजंटचा कसा? कॉलेजचं काय?

कॉलेजचा दोष जास्त आहे, असं माझं मत आहे. इंग्लंडात स्थानिक मुलांच्या फीवर सरकारी मर्यादा आहे. २०१७ पासून बरीच वर्षं ती ९,२५० पाउंडांवर अडकली होती. परदेशी मुलाच्या फीला मर्यादा नाही. म्हणजे तुमच्या मुलाच्या फीतून कॉलेजचा खर्च भागतो. त्यांना तो हवाच असतो, पण त्याला आणताना काय काय सांगितलं गेलं, हे ऐकायचं नसतं. चांगलं झालं तर आमचं कॉलेज, बिघडलं तर तो एजंट बोलला, आम्ही नाही.

कॉलेजला मनापासून सुधारायचं असेल तर फार अवघड नाही. कमिशन किती देतो ते जाहीर करावं. मूल दाखल झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला विचारावं, तुला तिकडे काय सांगितलं होतं? आणि पैसे मुलाच्या येण्यावर देण्याऐवजी निदान अर्धे त्याच्या वर्ष पूर्ण करण्यावर द्यावेत. एजंट आपोआप जपून मुलं पाठवेल.

सगळेच एजंट असे असतात का?

नाही. माझ्या जुन्या ऑफिसातच एक सर होते, जे मुलाचं इंग्रजी कच्चं असलं तर सरळ सांगायचे, सहा महिने थांब, आत्ता जाऊ नकोस. बोर्डावर त्यांचा आकडा कायम खाली असायचा. पहिल्या पिढीतलं मूल, घरात ईमेल लिहिणारं कुणी नाही, तिथे चांगला एजंट खरोखर आधार असतो.

पैसे अडकले आहेत. तक्रार कुठे करायची?

पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं एकत्र करा. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, एजंटचं ऑफिस पुण्या-दिल्लीत असलं तरी. दोन वर्षांच्या आत करावी लागते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. बनावट कागद असतील तर पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं फार अवघड जातं, म्हणून रोख देऊच नका.

एजंट पाहुण्यातलाच आहे. त्याला कमिशन किती मिळतं विचारलं तर वाईट नाही का दिसणार?

फसवणूक ओळखीतूनच होते, म्हणून विचाराच. २०१९ मध्ये अमेरिकेत 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं विद्यापीठ उघडं पडलं. तिथल्या इमिग्रेशन खात्यानेच सापळा म्हणून काढलेलं, ना वर्ग ना शिक्षक. सरकारने असा सापळा लावावा का, हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. पण त्यात मुलं आणली ती आपल्यातल्याच भरती करणाऱ्यांनी, माणशी पैसे घेऊन. आठ जणांवर गुन्हे दाखल झाले आणि सुरुवातीला पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ भारतीय होते.

बोलायचं कसं, ते सांगते. आवाज चढवायची गरज नाही. चहा झाल्यावर म्हणा: "दादा, तुमचे कष्ट आहेत, तुम्हाला कॉलेजकडून मिळावेतच. फक्त या तीन कॉलेजांकडून तुम्हाला किती-किती मिळतात ते या कागदावर लिहून द्या, आणि तुम्हाला काहीच न देणारं पण आमच्या लेकराला मिळेल असं एक विद्यापीठ खाली लिहा." कागद आणि पेन पुढे ठेवा आणि थांबा. परवा उदगीरच्या एका आईने असंच केलं. त्यांच्या चुलतदिरानेच फाइल आणली होती. तो बराच वेळ गप्प बसला, मग त्याने आकडे लिहिले आणि चौथ्या ओळीत एका सरकारी विद्यापीठाचं नाव टाकलं. आता ते दोघं मिळून त्याचा अर्ज भरताहेत.